कपाटामागचा ठोका

कपाटामागे थोरली आजवर पुष्कळदा बसली होती, पण ती न्यायाधीश म्हणून. उमेदवार म्हणून बसायची पाळी आज पहिल्यांदाच आली, आणि तीही नवीचा तास ऐकायला.

नवी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली. तिच्यामागून आलेला फ्रीजसुद्धा जुना होऊन भंगारात गेला, पण तिचं ‘नवी’ हे नाव काही सुटलं नाही. ते नाव थोरलीनेच ठेवलं होतं आणि ते जुनं होऊ नये याची काळजीही तीच घेत होती.

घरच्या इंग्रजी क्लासचा हॉल लांबुळका होता. मधोमध लोखंडी कपाटांची रांग, वर्गाकडे तोंड आणि आतल्या बाजूला पाठ करून उभी. पुढे फळा, बाकं, खिडक्या. मागे मोडक्या खुर्च्या, गुंडाळलेले नकाशे, आचके देणारं झेरॉक्स मशीन आणि चहाची इलेक्ट्रिक किटली. सरांची, म्हणजे थोरलीच्या वडिलांची, रीत अशी होती, की मास्तर निवडायचा तर त्याचं शिकवणं बघायचं नाही, कपाटामागे बसून ऐकायचं. “डोळे फुकटचं कौतुक करतात,” ते म्हणत. “कानाला तेवढी अक्कल असते.” मागे बसणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही, शिंक आली तरी गिळायची. शिकणाऱ्यांना कपाटामागे कोणी आहे याचा पत्ता लागता कामा नये. आणि तास संपला की काय ऐकलं ते सांगायचं, काय वाटलं ते नाही. एकाच जागेवर दोघांचा डोळा असेल तर एकाने दुसऱ्याचा तास ऐकायचा आणि सगळ्यांच्या आधी त्यानेच तोंड उघडायचं, ही सरांची आणखी एक खोड. ते म्हणायचे, आपल्या वैऱ्याबद्दल जो खरं सांगतो तोच चुकणाऱ्या माणसाला नीट शिकवतो.

घरात सगळे त्यांना सरच म्हणत. मुलं सर म्हणायची, बहीण सर म्हणायची, आणि थोरलीची आई होती तोवर तीही ‘सर, पान वाढलंय’ म्हणायची.

गंमत अशी, की आता सरांचेच कान गेले होते. डाव्या कानाने केव्हाच राजीनामा दिला होता आणि उजवा अर्धवेळ कामाला होता. म्हणूनच ते पहिला वर्ग सोडत होते. पहिला वर्ग म्हणजे ज्यांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही अशांचा. ही माणसं आधीच तोंडातल्या तोंडात बोलतात. मास्तरालाच ती ऐकू येईनात, तर त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? पुढचे वर्ग कुणीही घेत असे, पण पहिला वर्ग या घरात आधी सरांच्या आईने घेतला, मग सरांनी. माणूस इंग्रजी विसरेल, पण आपलं पहिलं वाक्य कुणी बोलवून घेतलं ते मरेपर्यंत विसरत नाही. पहिला वर्ग ज्याच्या हाती, क्लास त्याच्या हाती.

आणि तो आपल्याच हाती येणार, हे थोरली फ्रॉक घालत होती तेव्हापासून धरून चालली होती.

आज रविवार होता. तिचा तास सकाळच्या तुकडीवर झाला होता. आता ती मागच्या बाजूला येऊन बसली, तेव्हा आत्या, म्हणजे सरांची धाकटी बहीण, पदराने वारा घेत म्हणाल्या, “घड्याळासारखा झाला गं तुझा तास. तू म्हणायचं, त्यांनी म्हणायचं. मध्ये मला जरा डुलकी लागली, पण जाग आली तेव्हाही सगळं ठीकच चाललं होतं.”

“ताईचा तास म्हणजे प्रश्नच नाही,” धाकटा किटलीत पाणी ओतत म्हणाला. तो आज सकाळपासून बहिणीशी गोड बोलत होता आणि बायकोची पिशवी उचलून देत होता. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचे तर माणसाला हात मोकळे ठेवून चालत नाही.

“ठोके किती कमी पडले, बघितलंत?” थोरली म्हणाली.

ठोका म्हणजे तिच्या अंगठीचा. शिकणारा चुकला की तिची अंगठी टेबलावर वाजे. टक. बास, एवढंच. आवाज चढवायचा नाही, रागवायचं नाही. ठोका ऐकला की माणसाने जिथे असेल तिथे थांबायचं आणि वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. सर लाकडी पट्टी वाजवत. ती पट्टी मोडली, तेव्हा थोरलीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बोटात नवी कोरी अंगठी होती. चुकीचं वाक्य एकदा तोंडात बसलं की दारूसारखं सुटत नाही, हा सरांचा सिद्धांत तिने त्यांच्यापेक्षा कडक पाळला. तिच्या हाताखालून गेलेला माणूस थोडकं बोले, पण शुद्ध बोले. साहेब लोक फोनवर विचारत, “थोरल्या मॅडमचा विद्यार्थी का?” आणि ते ऐकून तिला पंधरवडाभर पुरेल इतकं बरं वाटे.

अलीकडे फोनवर ‘धाकट्या मॅडम आहेत का’ असं विचारू लागले होते.

नवी क्लासात आली ती हजेरी घ्यायला. सर एकदा आजारी पडले, तेव्हा आठवडाभर तिला वर्गात उभं केलं, आणि चंचुप्रवेशाचा पुढे मुसळप्रवेश झाला. तिची पद्धत काय, असं विचारलं तर ती हसायची. ते हसणं कपाटं ओलांडून मागे येई आणि थोरलीच्या डोक्यात जाई. नवी एका पिशवीत अडगळ घेऊन वर्गात जायची. मोडकी छत्री, किल्ल्यांचा जुडगा, वायर तुटलेला टेलिफोन. मग कुणी दुकानदार होई, कुणी गिऱ्हाईक, कुणी चोर. लोक आडवंतिडवं बोलत आणि ही बया बोलू देई. चूक दुरुस्त करायची ती मागाहून, सहज, जाता जाता. थोरलीला वाटे, हे शिकवणं नव्हे, ही लग्नघरातली करमणूक आहे. पण नवीच्या तासाला माणसं वेळेच्या आधी येऊन बसत, आणि ते काही केल्या तिच्या नजरेतून सुटत नसे.

बरं, एवढ्यावरच असतं तरी तिने गिळलं असतं. गेल्या महिन्यात सगळे बसलेले असताना थोरलीने नवऱ्याच्या, म्हणजे या घरच्या जावईबापूंच्या, चहात साखर घातली, तर नवी पटकन म्हणाली, “अहो ताई, भावोजींनी साखर सोडलीय ना?” भावोजींनी साखर सोडली होती. बायकोला माहीत नव्हतं आणि भावजयीला माहीत होतं. तेव्हापासून थोरलीने बारीक नजर ठेवली. दर रविवारी, थोरलीच्या क्लासच्या सुट्टीच्या दिवशी, नवरा इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीवर जात होता. तो लिफ्टचा मेकॅनिक. ग्रीसच्या कामाला इस्त्रीचा शर्ट कशाला, हा प्रश्न तिच्या मनात कुसळासारखा रुतला होता. विचारायला जीभ मात्र उचलत नव्हती.

नवी वर्गात जायच्या आधी कपाटांच्या फटीतून आत आली. खांद्याला तीच पिशवी. “ताई, एक सांगायचं होतं. आत्ताच सांगितलेलं बरं.”

“तासानंतर सांग.”

“तासानंतर उशीर होईल.”

“वेळेवर आत जाणं ही पहिली शिस्त,” थोरली म्हणाली. “जा.”

नवीने नवऱ्याकडे बघितलं आणि ती गेली. सरांनी खुर्ची कपाटाच्या पाठीला टेकवून उजवा कान पत्र्याला लावला.

थोरलीने मनातल्या मनात हिशेब मांडला. सरांना निम्मं ऐकू येणार. आत्यांचे कान तिखट, पण इंग्रजी म्हणजे त्यांना कोंबड्यांचा कलकलाट. धाकटा नवीचा नवरा, त्याची साक्ष कोण धरणार? म्हणजे नवीच्या तासाची खरी साक्षीदार एकटी तीच. तिने दोन वाक्यं सकाळीच जुळवून ठेवली होती. ‘गोंधळ होता. शिकवलं असं काही नाही.’ त्यातलं पहिलं तर खरंच होतं, आणि अर्ध्या खऱ्याच्या आधाराने माणूस उरलेलं खोटं आरामात रेटतो.

पलीकडे बाकं सरकली. आठवडाभरापूर्वीच आलेला एक टॅक्सीवाला होता, एक ब्यूटी पार्लरवाली, एक हॉटेलातला आचारी आणि परदेशी सुनेशी बोलता यावं म्हणून आलेल्या एक आजीबाई. नवीने पिशवीतून टेलिफोन काढला असावा, कारण आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, “हॅलो! यू ईट? बेबी ईट? आय ईट!” आणि सगळे हसले. थोरलीच्या बोटाला एकेका वाक्याबरोबर कंप सुटत होता. तिने मूठ वळली. तेवढ्यात दार वाजलं, आणि फरशीवर बुटांचा आवाज आला. एक पाय जरा घासत टाकायची सवय असलेला.

ती सवय तिच्या घरातली होती.

“सॉरी मॅडम, लेट,” जावईबापू म्हणाले.

आत्यांनी थोरलीचा दंड धरला. “अगं, हे तर…” त्या कुजबुजल्या. धाकट्याने एकदम किटलीच्या वायरमध्ये लक्ष घातलं, म्हणजे त्यालाही माहीत होतं. साखर, शर्ट, रविवार, सगळं एका फटक्यात जागच्या जागी बसलं, आणि जे बसलं ते तिच्या भीतीपेक्षा वाईट होतं. नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागला असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, चार माणसं तिच्या बाजूने उभी राहिली असती. पण नवरा दुसऱ्या बाईकडे इंग्रजी शिकायला जातो, हे कुणाला सांगणार? लोक हसले असते. ज्या बाईने अख्ख्या गावाला बोलतं केलं, तिच्या घरातला माणूस उठून भावजयीच्या बाकावर बसला होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने त्यालाही शिकवायला घेतलं होतं. रोज संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तो पहिलं वाक्य सुरू करी, टक. परत सुरू करी, टक. एके दिवशी तो उठून नळ दुरुस्त करायला लागला आणि परत टेबलाशी आला नाही. ‘यांना भाषेचं डोकंच नाही’ असं ती नंतर सगळ्यांना हसत हसत सांगायची. तोही हसायचा.

“तुमच्या कामातली गोष्ट सांगणार होतात ना?” पलीकडे नवी म्हणाली. तेवढंच, आणि मग गप्प. ही तिची युक्ती होती. ती गप्प बसे आणि समोरच्याला बोलल्यावाचून राहवत नसे.

“येस.” जावईबापूंनी घसा साफ केला. “वन लेडी. ओल्ड. फॉरेन लेडी. बिग हॉटेल. लिफ्ट स्टॉप. नो अप, नो डाउन.” त्याने हाताने दाखवलं असावं. “लेडी इनसाइड. क्राय, क्राय. आय अप. आय से… आय नो से. आय नो वर्ड. ओन्ली मशीन, मशीन. आय ओपन डोअर. लेडी…” तो थांबला. कुणी मध्ये बोललं नाही. “लेडी नो लुक मी. लेडी अफ्रेड मी.”

थोरलीलाही तो दिवस आठवला. गेल्या थंडीत तो घरी आला आणि ताटावरून तसाच उठला. तिने विचारलं, तर म्हणाला, मशीन जुनं आहे. तिला वाटलं होतं, खरंच मशीनचं काहीतरी.

“चला,” नवी म्हणाली. “लिफ्ट करू या. कोण अडकतंय?”

“मी!” पार्लरवाली म्हणाली. बांगड्या वाजल्या, पत्रा खणखणला. शेवटची दोन कपाटं जरा अंतर ठेवून उभी होती. पुढून त्या खोबणीत माणूस उभा राहू शके, मागून तिला पुठ्ठा लावलेला होता. पार्लरवाली तिथे शिरली. पुठ्ठ्याच्या अलीकडे, हातभर अंतरावर, थोरली बसली होती. बाईच्या अत्तराचा वास तिच्यापर्यंत आला. “हेल्प! हेल्प!” पार्लरवाली रंगात येऊन ओरडली.

जावईबापूंचा आवाज जवळ आला. तो आता बरोबर समोर होता, आणि घरी कधी न ऐकलेल्या सुरात बोलत होता. हळू, पण न अडखळता.

“लेडी. लिसन मी. डोन्ट क्राय. आय अ‍ॅम हिअर. यू सिट. यू ब्रीद. लाइट गो, नो प्रॉब्लेम. डार्क, नो प्रॉब्लेम. आय अ‍ॅम हिअर. आय टॉक, यू टॉक. माय वाइफ टीचर. शी नोज ऑल वर्ड. आय नोज स्मॉल वर्ड. बट लेडी, आय नो गो. यू कम आउट, देन आय गो. बिफोर, आय नो गो.”

टक.

आवाज लहानसाच होता, पण कपाट लोखंडी होतं. थोरलीने आपल्या हाताकडे बघितलं. मूठ कधी सुटली, बोट कधी उचललं गेलं, तिला कळलं नव्हतं. इतक्या वर्षांचं वळण. हाताला वाटलं, चूक झाली, आपलं काम करावं.

पलीकडे सगळं थांबलं. तोही थांबला, जिथे होता तिथे, वाक्याच्या मध्ये. तो ठोका तिथल्या शिकणाऱ्यांत दुसरं कुणी ओळखत नव्हतं. त्याने ओळखला.

‘आता तो उठून जाईल,’ थोरलीला वाटलं, आणि क्षणभर, लाज वाटावी इतका, तिला त्याचा आनंदही झाला. नवीचा तास मोडला. पण त्या क्षणाच्या पुढे शांतता वाढत गेली, आणि त्यात स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येईल की काय, अशी तिला धास्ती वाटू लागली.

“येस, लेडी,” जावईबापू म्हणाले. आवाज कापरा होता, पण आला. “आय हिअर यू. गुड. यू नॉक. लिफ्टमन लाइक नॉक. यू नॉक, आय नो व्हेअर यू आर. नॉक मोअर, लेडी.”

थोरलीचा हात कपाटापासून दोन बोटांवर होता. एवढा एक ठोका मारायचा होता. आत्या तिच्याकडे बघत होत्या, धाकटा बघत होता, सर पत्र्याला कान लावून डोळे मिटून बसले होते. तिचा हात हलेना. हरल्यासारखं झालं असतं.

“नॉक नॉक!” पार्लरवालीने बांगड्यांचा हात पत्र्यावर दणदण आपटला. “आय अ‍ॅम हिअर! कम फास्ट!” वर्ग खदखदून हसला, जावईबापूही हसले, आणि तास पुढे निघाला. तिच्या नवऱ्याच्या हाकेला तिच्या जागी एक परकी बाई ओ देऊन मोकळी झाली होती. त्या दिवशीच्या सगळ्या मत्सरांत हा शेवटचा तिला सगळ्यांत जास्त झोंबला.

माणसं गेली. नवी कपाटांच्या फटीतून आत आली, तिच्यामागे जावईबापू. थोरलीने तोंड उघडायला वेळ लावला नाही.

“अख्ख्या जगात तुला माझाच नवरा सापडला?”

“मी नाही बोलावलं, ताई. तेच पायरीवर येऊन बसले. मी म्हटलं, आधी ताईंना विचारा. तर म्हणाले, विचारून झालंय, लग्नाच्या पहिल्या वर्षी.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.” नवीने पिशवी खाली ठेवली. “मला बरं वाटत होतं. खरं तेच सांगते. या घरात सगळं तुमचं. हा हॉल तुमचा, सर तुमचे, आलेला माणूस आधी तुमचं नाव घेतो. माझं नावसुद्धा तुम्हीच ठेवलेलं. म्हटलं, असू दे एक विद्यार्थी असा, जो तुमच्याकडून उठून माझ्याकडे आलाय. जळायचा मक्ता काय तुमचा एकटीचा आहे?”

आत्यांनी ‘अगो बाई’ म्हणून तोंडावर हात ठेवला. त्यांना आता आपण कुणाच्या बाजूने आहोत तेच कळेनासं झालं होतं. धाकटा म्हणाला, “चहा घ्या ना सगळे,” आणि कुणी घेतला नाही.

“तिने मला आज येऊ नका म्हणून बजावलं होतं,” जावईबापू म्हणाले. “म्हणाली, ताई कपाटामागे आहेत.”

थोरली त्याच्याकडे वळली. “मग आलात कशाला?”

“म्हणूनच.”

“काय चाललंय?” सर ओरडले. “मोठ्याने भांडा! मला निम्मंच ऐकू येतं.”

सरांनी चष्मा पुसला, खुर्ची फिरवली आणि लेकीकडे तोंड केलं. “हं. रीतीप्रमाणे आधी तू. काय ऐकलंस?”

दोन वाक्यं जिभेवर तयार होती. “गोंधळ होता,” थोरली म्हणाली. आत्यांनी मान हलवली. “शिकवलं असं काही…”

“थांब. आधी एक सांग. मध्ये सगळे एकदम गप्प झाले. शांतता तेवढी मला अजून नीट ऐकू येते. ते काय झालं?”

नवीने जमिनीकडे बघितलं. तिला बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. धाकटा नाही, आत्या नाहीत, नवरा नाही. खोटं बोलायला इतकी मोकळी वाट थोरलीला आयुष्यात कुणी करून दिली नव्हती.

“ठोका पडला,” ती म्हणाली.

“कुणाचा?”

“माझा.”

सरांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि पट्टी धरल्यासारखी त्याची बोटं मिटली.

“तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काय ऐकलं ते,” थोरली म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा सपाट झाला होता. “जितकी माणसं होती तितकी सगळी बोलली. नवी थोडंच बोलली. दर वाक्यात चूक होती. तरी कुणी वाक्य सोडलं नाही. एक आजी टेलिफोनवर हसली. माझ्या तासाला आज कुणी हसलं नाही. आणि हे…” ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “हे बोलले. मी ठोका मारला तेव्हा थांबले. मग परत बोलले.” तिने श्वास घेतला. “पहिला वर्ग हिचा.”

“हे वाटलेलं झालं,” सर म्हणाले. “ऐकलेलं नव्हे.”

“ऐकलेलंच आहे.”

सरांनी मान डोलावली, एकदाच. नवीने पुढे होऊन थोरलीचा हात धरायला बघितलं, तसा तिने तो मागे घेतला. “गोड नको बोलूस. मला आनंद झालेला नाही. आजची रात्र मी जळत काढणार आहे, आणि उद्या तुझ्या वर्गातून हसणं ऐकू आलं की पुन्हा जळेन. पण खोटं कसं सांगू?”

“मग माझं नाव तरी बदला,” नवी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला रागही आला होता.

“बघू,” थोरली म्हणाली.

सगळे जेवायला वरच्या मजल्यावर गेले. आत्या जिन्यात धाकट्याला सांगत होत्या, की नवीचा तासच चांगला होणार हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो. थोरली कपाटांना वळसा घालून पुढच्या बाजूला आली. फळ्यापाशी गेली नाही. पहिल्या बाकावर, शिकणाऱ्यांच्या जागी, जाऊन बसली. बाक तिच्या मापापेक्षा अरुंद होता.

जावईबापू हत्यारांची पिशवी घ्यायला आले. “जेवायचं नाही?”

“बसा जरा.” ती बोटातली अंगठी ओढत होती. अंगठी सांध्यापाशी येऊन अडकली. वर्षानुवर्षांत बोट जाड झालं होतं, आणि आता साबण लावल्याशिवाय ती निघणार नव्हती.

“राहू दे,” तो म्हणाला. “मीच घातलेली आहे. माझ्याच पैशाने मला ठोके.”

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. “तुम्ही त्या बाईला सांगितलंत ना, पार्लरवालीला…”

“तिला कुठे सांगितलं?”

ती बाकावरच त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, “तर मग मला सांगा. परत.”

त्याने तोंड उघडलं. त्याची नजर बाकावर ठेवलेल्या तिच्या हाताकडे गेली आणि शब्द तिथेच अडकला. तिने ते बघितलं. मग, केस पिकलेल्या त्या बाईने, वर्गात मस्ती करताना पकडलेल्या मुलीसारखे आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. सगळं वजन टाकून.

“बोला,” ती म्हणाली.

“लेडी,” तो म्हणाला. “आय अ‍ॅम हिअर.” तो थांबला. कसलाच आवाज आला नाही. “आय नो गो.”

मांडीखाली तिचं बोट उसळलं आणि अंगठीचा खडा लाकडात आणि मांसात एकदमच रुतला. तिने ओठ घट्ट मिटले. तो वाट बघत होता, आता मागे जायला सांगेल, पहिल्यापासून म्हणायला लावेल म्हणून.

“पुढे?” थोरली म्हणाली.